सांगलीतील एका शोरूममधून नवी गाडी: कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचताना

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सांगली-मिरज रस्त्यावरील एका शोरूममधून नवी गाडी घेतली. शोरूमचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण येथे नोंदवलेल्या बऱ्याचशा गोष्टी शेजारच्या जिल्ह्यांतील शोरूममध्येही थोड्याफार फरकाने आमच्या वाट्याला आल्या, आणि एकट्यालाच दोष दिल्यासारखे व्हायला नको. गाडी चांगली आहे, माणसे बोलायला अदबशीर आहेत आणि ठरलेल्या दिवशी गाडी ताब्यात मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. मात्र पहिल्या भेटीत हातात पडलेल्या कोटेशनवर १०,१६,१०० रुपये होते आणि प्रत्यक्षात आम्ही ९,५९,७४० रुपये भरले. हा ५६ हजार ३६० रुपयांचा फरक कसा पडला, आणि त्यातला किती घासाघिशीमुळे व किती निव्वळ कागद नीट वाचल्यामुळे, एवढेच येथे लिहिणार आहे.

खरे तर आमच्या घरी गाडीचा विषय दसऱ्यापूर्वीच निघाला होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी आमच्या पसंतीच्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर लागत असे. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी या सवलतीत बसते, आणि आमची ११९७ सीसीची गाडी त्यात बसत होती. साहजिकच दसरा आणि दिवाळी पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मुहूर्तावर गाडी दारात हवी असणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदाराने भावाबद्दल बोलावे तरी कशाला? म्हणून आम्ही दोघांनी तो विषय सरळ मार्गशीर्षापर्यंत पुढे ढकलला. डिसेंबरमध्ये शोरूमवाल्यांना चालू सालातील माल नवे वर्ष लागण्याआधी हलवायचा असतो. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीसाठी त्यांनी बहुधा बँकेचे पैसे उचललेले असतात आणि त्यावर रोजचे व्याज चढत असते. ही त्यांची अडचण, आणि गिऱ्हाइकाची सोय.

पहिल्या भेटीत चहा आला, गार पाण्याची बाटली आली, आणि विशी-पंचविशीतील एक मुलगा समोर बसला. त्याने संगणकावर भराभर आकडे टाकून एक पान छापून आणले. एक्स-शोरूम किंमत (म्हणजे आरटीओ आणि विमा धरण्याआधीची) ८,४२,०००, आरटीओ १,०१,५००, विमा ४६,८००, हँडलिंग व लॉजिस्टिक ७,५००, वाढीव वॉरंटी १४,२००, बेसिक किट १८,५००, फास्टॅग ६००. एकूण बेरीज १०,३१,१००, त्यातून ग्राहक सवलत १५,००० वजा. या सगळ्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती : 'जीएसटी लाभ ७८,०००'. मुलाने त्या ओळीवर पेन टेकवले आणि म्हणाला, "काका, म्हणजे एकूण त्र्याण्णव हजारांचा फायदा झाला बघा तुम्हाला."

मी साखर कारखान्याच्या लेखा विभागात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे बेरीज-वजाबाकी आपोआप होते. ८,४२,००० मधून १८ टक्के कर काढला की मूळ किंमत ७ लाख १३ हजारांच्या आसपास येते. तिच्यावर जुन्या दराने २९ टक्के चढवले तर ९ लाख २० हजार होतात. म्हणजे ७८ हजारांचा आकडा बरोबर होता. पण तो लाभ सरकारने कर कमी केल्यामुळे होता आणि ८,४२,००० या किमतीत तो आधीच धरलेला होता. शोरूमने स्वतःच्या खिशातून दिलेली सवलत पंधरा हजारांचीच होती. मुलाला मी हे शांतपणे विचारले तेव्हा तो किंचित हसला आणि म्हणाला, "सिस्टीममधनंच तसं छापून येतंय, काका." त्याच्यावर माझा राग नाही. तथापि ज्याच्या घरी हिशेब करणारे कोणी नाही, तो त्र्याण्णव हजारांच्या समाधानात सही करून मोकळा होईल, हे उघड आहे.

माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करीत. पोत्याला हात घातला की ते आधी एक हळकुंड काढून मोडत आणि आतला रंग पाहत. वरून सगळीच हळद पिवळी दिसते असे त्यांचे म्हणणे असे. कोटेशनमधील आरटीओची ओळ मी तशीच मोडून पाहिली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या, व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहन कर आहे. ८,४२,००० वर तो ९२,६२० रुपये होतो. त्यावर नोंदणी, कर्जाच्या बोजाची नोंद, स्मार्ट कार्ड अशी शुल्के येतात. ती सगळी धरली तरी १,०१,५०० पर्यंत मजल जात नव्हती. वरचे पैसे कशाचे, असे विचारल्यावर "आरटीओतलं काम असतं हो, फाइल फिरवावी लागते" असे उत्तर मिळाले. नव्या गाडीचा कर आणि शुल्क आता ऑनलाइन भरले जाते आणि त्याची सरकारी पावती गाडीमालकाच्या नावानेच निघते. तेव्हा मी एवढेच म्हणालो, की पावतीवर जो आकडा येईल तो मी रुपयाही न घटवता देईन, पण पावतीबाहेरचे देणार नाही. पावती ९६,९४० रुपयांची निघाली. चार हजार साडेपाचशेच्या या वादात आवाज कोणाचाच चढला नाही, आणि माझ्या मते याचे श्रेय शोरूमलाही द्यायला हवे.

विम्याच्या ओळीवर मात्र आमची तीन दिवस चर्चा चालली, आणि ती तेवढी चालणे योग्यच होते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी त्याचा सरकारने ठरवलेला दर १०,६४० रुपये असून तो प्रत्येक कंपनीकडे सारखाच असतो, त्यामुळे तेथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि त्यावरील जादा संरक्षणाच्या जोडण्यांत. शोरूमने दिलेल्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्णच गेली तर बिलाइतकी भरपाई), इंजिन संरक्षण, किल्ली हरवल्यास भरपाई, टायरचे संरक्षण, गाडीतील सामानाचा विमा असे सगळे भरलेले होते. मी दोन विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तेवढ्याच आयडीव्हीला (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीला), म्हणजे नव्या गाडीच्या किमतीतून पाच टक्के वजा जाऊन येणाऱ्या सुमारे आठ लाखांना, दर काढून पाहिले. किल्ली, टायर आणि सामान गाळून एका कंपनीचा दर जीएसटीसह ३४ हजारांच्या आत येत होता.

या जोडण्यांतील इंजिन संरक्षण मात्र सांगलीकराने गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानली जाते. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी तळमजल्यावर पाण्यात राहिली. पुराचे नुकसान साध्या सर्वंकष विम्यातही धरले जाते, त्यामुळे आसने आणि वायरिंग यांचे पैसे त्यांना मिळाले. परंतु पाणी ओसरल्यावर त्यांच्या मुलाने उत्साहाने स्टार्टर मारला, सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे इंजिन निकामी झाले, आणि तो खर्च नाकारला गेला, कारण पाण्यात बुडालेली गाडी सुरू केल्याने झालेली हानी ही मूळ पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी ही वेगळी जोडणी लागते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा त्यांनी गाडी आधीच विश्रामबागेत आमच्या दारात आणून लावली होती.

बाहेरचा दर दाखवल्यावर मॅनेजर स्वतः येऊन बसले. "साहेब, बाहेरची पॉलिसी घेतली तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस होणार नाही," असे ते म्हणाले. कॅशलेसची सोय, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला देणे, ही विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. आणि त्या कंपनीच्या यादीत याच वर्कशॉपचे नाव मी आदल्या रात्री पाहून ठेवले होते. मोबाइलवर ते दाखवल्यावर त्यांनी विषय वाढवला नाही. विमा कोठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते, शोरूम त्याची सक्ती करू शकत नाही. शेवटी त्यांनीच तेवढ्या जोडण्यांसह ३५,६०० रुपयांत पॉलिसी दिली. बाहेरच्या दरापेक्षा हे थोडे जास्त होते. पण अपघात झालाच तर सगळे एका खिडकीवर व्हावे म्हणून मी ते मान्य केले. येथे ११,२०० रुपये कमी झाले, मात्र त्यातील काही भाग जोडण्या गाळल्यामुळे आहे हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

हँडलिंगचे ७,५०० रुपये एका वाक्यात गेले. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणे, पुसणे आणि तपासणे हे विकणाऱ्याचेच काम आहे; त्याचे वेगळे बिल कोणत्या नियमाने करता ते लेखी द्या, एवढे म्हटल्यावर ती ओळ खोडली गेली. बेसिक किटमध्ये पायपुसणी, सीट कव्हर, मडफ्लॅप, दाराच्या कडेच्या पट्ट्या, उशा आणि एक देव्हारावजा गणपती असे होते. आम्ही २,४०० रुपयांची पायपुसणी तेवढी घेतली. गणपती सांगलीकराने शोरूममधून विकत घ्यावा, हे सौभाग्यवतींना काही पटले नाही. वाढीव वॉरंटी कंपनीच्याच दराने होती, ती ठेवली.

आता खऱ्या सवलतीविषयी. सांगलीच्या आसपास गाडी घेणाऱ्याचे एक नशीब असे, की तासा-दीड तासाच्या अंतरावर कोल्हापूर आणि कऱ्हाडची शोरूम आहेत. तिकडे घेतलेली गाडीही आपल्या पत्त्यावर, म्हणजे एमएच १० क्रमांकाने, नोंदवता येते. मी कोल्हापूर आणि कऱ्हाड येथून त्याच मॉडेलची, त्याच रंगाची कोटेशने ईमेलवर मागवली. एक्स-शोरूम किंमत तिन्हीकडे सारखीच होती. कोल्हापूरची सवलत २८,००० होती, कऱ्हाडची २५,०००. ही दोन पाने टेबलावर ठेवून मी मॅनेजरांना सांगितले, की सर्व्हिसिंगच्या दृष्टीने आम्हाला सांगलीतच गाडी घ्यायची आहे, तेव्हा तुमचा शेवटचा आकडा सांगा.

"कंपनीचा आदेश आहे साहेब, यापुढं आमच्या हातात काय नाही," हे उत्तर आले. या उत्तराबद्दल गिऱ्हाइकाला एक गोष्ट ठाऊक असावी. डीलरने ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ नये असा दंडक घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने पुढे त्याविरुद्ध अपील केले. आमच्या गाडीची कंपनी कोणती आणि तिचे धोरण काय हा येथे प्रश्न नाही. पण आपल्या वाट्याच्या नफ्यातून किती सोडायचे हे डीलरने ठरवावे, अशी आयोगाची भूमिका त्या निकालातून दिसते. मी हे सगळे काही टेबलावर बोललो नाही, कारण कायद्याचा दाखला दिला की समोरचा माणूस आकडा सोडून मानापमानावर येतो. मी फक्त गप्प बसलो. मॅनेजरांनी कॅल्क्युलेटर घेतला, आकडे टाकले, पुसले, आणि तो माझ्याकडे फिरवला. पडद्यावर ४०,००० होते.

सवलत एकदम इतकी वाढली की मला आनंदापेक्षा संशयच आला, म्हणून मी गाडी पाहायला मागितली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आम्हाला शहराबाहेरच्या त्यांच्या यार्डात घेऊन गेला. उन्हात रांगेने गाड्या उभ्या होत्या. आमच्यासाठी काढलेल्या गाडीच्या टपावर धूळ आणि पाखरांची शिटे वाळली होती. मी खाली बसून टायरची बाजू पाहिली. टायरवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. येथे १९२५ होते, म्हणजे २०२५ सालातील एकोणिसावा आठवडा, मे महिना. गाडीच्या चेसिसवरील पाटीनेही तेच सांगितले. सात महिने उन्हापावसात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आणि टायर नव्या दराने विकत घेण्याचा हा सौदा होता. मुलाला विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "नोव्हेंबरची एक आहे काका, पण त्यावर बत्तीसच्या वर नाही मिळायचं." उत्पादनाचा महिना आणि साल आरसी बुकवर येते आणि पुढे गाडी विकताना ते पाहिले जाते. सौभाग्यवतींनी क्षणभरही विचार न करता नोव्हेंबरची गाडी सांगितली, आणि आठ हजारांसाठी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, की ४०,००० चा आकडा दाखवताना गाडी मे महिन्याची आहे हे कोणीही आपणहून सांगितले नाही.

जुन्या गाडीचे लवकर आटोपते. शोरूमने तिचे १,६०,००० आणि वर २०,००० एक्स्चेंज बोनस असे सांगितले. कुपवाडच्या एका परिचितांनी तीच १,९५,००० ला घेतली. बोनस हा शब्द ऐकून हुरळून जाण्याआधी दोन्ही आकड्यांची बेरीज करून पाहावी. कर्जाचेही तसेच. शोरूममध्ये बसलेल्या प्रतिनिधीने ९.४ टक्के व्याज सांगितले, आमच्या पगाराच्या जुन्या बँकेने ८.९ टक्के. पाच लाखांच्या कर्जावर पाच वर्षांत हा अर्धा टक्का सात हजारांच्या पुढे जातो. शिवाय ज्यांची गाडी दहा लाखांच्या वरची आहे त्यांना एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, भरावा लागतो. तो कोटेशनमध्ये खर्च म्हणून दिसला तरी आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो, एवढे लक्षात असू द्यावे.

अखेरचा हिशेब असा झाला : ५६,३६० रुपयांच्या फरकापैकी सवलत वाढल्यामुळे कमी झाले ते १७,०००, उरलेले ३९,३६० आरटीओ, विमा, हँडलिंग आणि किट या चार ओळींतून निघाले. त्यातही किटचे १६,१०० ही काही बचत नव्हे, आम्हाला नको असलेली वस्तू आम्ही घेतली नाही, इतकेच. घासाघीस म्हटली की लोक सवलतीच्या आकड्यावर तासन्‌तास बसतात. आमच्या बाबतीत त्या आकड्याने एकूण फरकाच्या एक तृतीयांशाहूनही कमी दिले.

डिलिव्हरीबद्दल मात्र हे शोरूम पैकीच्या पैकी गुणांना पात्र आहे, फक्त एक गोष्ट वगळता. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवूनच गाडी दिली. "प्लेट नंतर बसवू, आज मुहूर्त साधा" असा आग्रह कोणी केला नाही. त्या मुलाने अर्धा तास बसून सौभाग्यवतींना प्रत्येक बटण समजावले. सगळे बिल, विम्याची प्रत आणि कराची पावती एका फोल्डरमध्ये व्यवस्थित लावून दिली. पेट्रोलचा काटा तेवढा तळाला टेकलेला होता, आणि विजयनगरच्या पंपापर्यंत आम्ही एसी बंद करून गेलो. वगळलेली गोष्ट ही, की मॅनेजरांनी सौदा ठरताना मडफ्लॅप फुकट देऊ असे तोंडी कबूल केले होते. डिलिव्हरीच्या दिवशी ते रजेवर होते आणि कागदावर मडफ्लॅपचा उल्लेख नव्हता. तीस वर्षे हिशेबात काढलेल्या माणसाने ते लिहून घेतले नाही, ही चूक माझीच.

निघताना मुलगा हळूच म्हणाला, "काका, कंपनीकडनं फोन येईल, दहापैकी दहा द्या. कमी दिले तर आमच्या पगारावर येतंय." फोन आला, आणि मी आठ सांगून त्या मुलाचे नाव घेऊन कौतुकही नोंदवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. दोन गुण कुठे गेले, असे त्याने विचारले, आणि मी मडफ्लॅपचे सांगितले. आठवडाभरात त्याने गाडी बोलावून घेतली आणि चारही मडफ्लॅप बसवून दिले. पावती मागितली तेव्हा ती मात्र मिळाली नाही. ते त्याने स्वतःच्या पैशाने आणले असावेत अशी मला शंका आहे, आणि म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना त्याच्या हातात तेवढे पैसे ठेवायचे आम्ही ठरवले आहे.